भिंतीकडे तोंड

९ फेब्रुवारी १९३८, नंदुरबार

आजही तो माझ्याकडे बघत होता.

हुकमीचंद शेठजींच्या मुलाची वरात. दुसऱ्या फेरीला मी ठरलेली चाल सोडली, सॅक्सोफोनवर माझं वाजवायला लागलो — आणि डावीकडची क्लॅरिनेट बंद! दलसिंग वाजवायचं थांबून टक लावून उभा.

मुंबईतही असंच सुरू झालं होतं. हॉटेलच्या ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोनवर मी तिसरा. ऑर्केस्ट्राचे कायतान मास्तर सांगायचे — लिहिलेलं वाजवणारे ढीगभर आहेत, जॅझ वाजवायचं तर रोज नवं वाजव. मी वाजवत गेलो. शेजारच्याने महिनाभर माझी बोटं पाहिली. एका शनिवारी तो माझ्याआधी उभा राहिला आणि माझी ओळ वाजवली. टाळ्या त्याला. मी सॅक्सोफोनची पेटी उचलून गावी आलो.

पुन्हा नाही.

१२ फेब्रुवारी

आजपासून बोटांवर रुमाल. वरून काही दिसत नाही. खाली वाजवायला अवघड जातं, पण जमेल.

जसोदा दारात बसून हसत होती. — "बाजाले दिष्ट लागस का?"

बायकोला काय सांगणार!

१ मार्च

हिंमतराव पळत घरी आले. बँडचा मालक असा पळताना मी पाहिला नव्हता. रेकॉर्डवाली कंपनी मे महिन्यात सुरतेला येते आहे. आपल्या बँडची एक प्लेट घेणार. पुढे सॅक्सोफोन.

— "लोटनभाऊ, तुन्हं नाव छापतीन प्लेटवर!"

मग आवाज खाली आणून — "पन रोज येगळं नको वाजाडू. एक ठरावी ले. तीनच मिनिटं शेतस."

मी ठरवणार नाही. ठरवलं की तालमीत वाजवावं लागणार. वाजवलं की दलसिंग ते पाठ करणार.

पण प्लेट मला हवी आहे. हे इथे लिहायला हरकत नाही. वरातीतलं वाजवणं वरातीबरोबर जातं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर नुसती फुलं आणि शेण. प्लेट राहते. मी दहा वर्षं वाजवतो आहे, आणि कुठेही काहीही राहिलेलं नाही.

६ मार्च

सॅक्सोफोनच्या रीडला, फुंकायच्या वेताच्या पातीला, चीर. काल नव्हती. पेटी दोन तास बँडच्या शेडमध्ये होती.

७ मार्च

रीड उन्हानेही चिरते. माहीत आहे.

२३ एप्रिल

काल म्हसावदला लग्न होतं. आज सकाळी लवकर शेडवर गेलो. आतून क्लॅरिनेट ऐकू आली.

माझी ओळ! कालचीच. सुरात सूर. दाराशी उभा राहून ऐकलं. थोडं वाजवतो, थांबतो. पुन्हा तिथूनच सुरू, पुन्हा तिथेच थांबतो. पुढचं येत नसावं. बरं झालं.

आत गेलो. — "काय करी ऱ्हायना?"

— "तुन्हंच वाजाडी ऱ्हायनू, दादा."

लाज नाही! सरळ सांगतो!

— "मन्ही बोटं दखस ना तू?"

— "बोटं नही. तू दम कोठे लेस, ते दखस."

आणि हसला. तळोद्याच्या वरचा, डोंगरातला माणूस. तिकडे भावाबरोबर पावरी, ते भोपळ्याचं फुंकवाद्य, वाजवायचा, असं हिंमतराव सांगतात. इथे दिवसभरात दहा शब्द बोलत नाही. आज बोलला तर हे. फुंकणाऱ्याचा दम नेला की त्याच्याकडे उरलं काय?

हिंमतरावांना म्हटलं, दलसिंगला सुरतेला नेऊ नका. ते डोक्याला हात लावून म्हणाले — "तुले तर तुन्ही सावलीबी चोर वाटस!"

नेणारच आहेत.

२ मे

तालमीत नुसती चाल वाजवली. माझं काही काढलं नाही. दलसिंग क्लॅरिनेट मांडीवर घेऊन शेवटपर्यंत वाट बघत बसला.

बस म्हणावं.

१४ मे, सुरत

झालं.

धर्मशाळेची खोली. भिंतींवर, दारावर गोधड्या टांगलेल्या. उकाडा असा की ताशेवाल्याला घेरी आली. मधोमध एकच मायक्रोफोन. सॅक्सोफोन त्याच्यासमोर, दलसिंग माझ्या बाजूला, ताशा-ढोल पार कोपऱ्यात. साहेब पडद्यामागे यंत्रापाशी. ज्यावर आवाज कोरतात ते मेण एकदाच कापलं जाणार, चुकलं तर दुसरं नाही, असं दुभाष्याने दोनदा बजावलं.

नमुन्याला थोडं वाजवून दाखवलं. साहेब खूश. मग लाल दिवा लागला.

चाल संपत आली. आता माझं. सहज बाजूला बघितलं — दलसिंगची नजर माझ्यावर. तशीच! रुमाल घामाने ओला, बोटांना चिकटलेला. त्यातून सगळं दिसत असणार.

मी वळलो. भिंतीकडे तोंड केलं, गोधडीसमोर उभा राहिलो आणि वाजवलं.

इतकं चांगलं मी कधी वाजवलेलं नाही. कुठून येत होतं कळत नव्हतं, दुसरं काही ऐकूही येत नव्हतं. पडद्याबाहेर साहेबाचा हात आला, जोरजोरात हलत होता. त्यालाही माझी बोटं बघायची असतील! मी वळलो नाही.

शेवटच्या सुरापर्यंत कुणालाही काही दिसलं नाही.

१५ मे, गाडीत

नवापूर गेलं. सगळे झोपलेले. फक्त दलसिंग जागा. म्हणाला — "दादा, तू भिंतकडे का फिरना?"

मी पायाशी ठेवलेली पेटी उचलून मांडीवर घेतली. त्याला चांगलं माहीत आहे का ते.

१९ जून

प्लेट आली नाही. हिंमतराव रोज स्टेशनवर जातात. यांनीच ती आणून मध्ये कुणाला दिली तर नसेल?

२७ जुलै

प्लेट आली. लेबलावर माझं नाव, ठळक.

हिंमतरावांनी शेडमध्ये लावली. चाल आहे. मग माझं सुरू होतं — आणि मी नाहीच! मागच्या गल्लीत कुणी वाजवत असावं, इतकाच. पुढे नुसता ढोल. मग क्लॅरिनेट दोन सूर टाकते आणि थांबते. पुन्हा ढोल. पुन्हा दोन सूर. जिथे जिथे मी दम घेतला, नेमकी तिथे ती येते. मी सुरू केलं की गप्प.

तीनदा लावायला सांगितली.

माझी एकही ओळ त्याने वाजवलेली नाही.