दुसरा ग्लास

१ जानेवारी
संकल्प. माळावरच्या द्राक्षांची स्वतःची व्हाइट वाइन. पूर्ण सेंद्रिय. रेल्वे ऑफिसात जन्मभर फायली हलवल्या, आता ग्लास हलवायचा. माळ बायकोच्या, सिंधुच्या माहेरचा, तिच्याच नावावर. तिला तिथं तूर पाहिजे. लई डोकं खाल्लं तेव्हा बाईसाहेबांनी एक चान्स दिला: पुढच्या येळवशीला तिघांनी आपण होऊन दुसरा ग्लास मागितला तर बाग राहील, न्हाई तर उपटायची. तिघंच? मनात हसलो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं गाव रानात जेवतं, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हात धरून बसवतात. टेस्टर फुकट.

१२ जानेवारी
पहाटे कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क फवारायचा होता. थंडी फार. उद्या.

३० जानेवारी
पानांवर भुरी, पांढरी बुरशी. शेजारचा गुंडप्पा बांधावरून ओरडला, मामा, कायतरी मारा, वेल रडून राहिलेत. मी म्हणालो, निसर्ग बघून घेईल.

२१ फेब्रुवारी
निसर्गानं बघून घेतलं. उरलेलं साळुंक्यांनी. तोडणी दुपारच्या आत संपली. अर्धा ड्रम रस. कमी पिकाची वाइन भारी होते म्हणे. कंबर गेली.

८ मार्च
रस फसफसून राहिला! गार ठेवायला पाहिजे. ड्रम फ्रिजमध्ये मावेना, म्हणून कूलरसमोर ठेवला. आम्ही दोघं गच्चीवर झोपतो. सिंधुनं तुरीच्या बियाण्याचा भाव विचारून ठेवला. लक्षण बरं नाही.

१९ मे
लाइट गेली ती गेलीच. ड्रमवर ओली पोती टाकली. तासातासाला पाणी शिंपडायचं ठरवलं. एकदा शिंपडलं, मग डोळा लागला. असो. उन्हानं चवीला कॅरॅक्टर येतं.

२ ऑगस्ट
चमचाभर चव घेतली. पुस्तकात लिहितात तसंच: हिरवं सफरचंद, ओला दगड. दगड तर नक्की. सिंधुनं नुसता वास घेतला, म्हणाली, ओलं घोंगडं. तिला नाकच नाही.

१७ डिसेंबर
बाटल्या भरल्या. रंग गढूळ आहे. हल्ली तशीच फॅशन आहे. लेकीचा, ऋतुजाचा, फोन आला. विचारत होती, पप्पा, तुम्ही स्वतः कधी पूर्ण ग्लास पिऊन बघितलाय का? प्रश्न आवडला नाही. रेंज नाही म्हणालो.

१९ डिसेंबर, सकाळ
येळवस. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी राहिली, पूजा झाली. सिंधुची मिसळ भाज्यांची भज्जी, भाकरी, ताक-ज्वारीच्या आंबिलीचं मडकं तयार. माझ्या बाटल्या ओढ्यात गार होऊन राहिल्यात. आज दाखवून देतो.

दुपार
गुंडप्पानं पहिला ग्लास एका दमात संपवला! दुसरा पुढं केला तर म्हणाला, न्हाई मामा, काढा एकदाच घ्यावा. मग आंबिलीचा तिसरा तांब्या तोंडाला लावला. मेहुणा व्यंकटी म्हणाला, शुगर हाय. खीर खाताना नव्हती.
शेवटी देगलूरला निघालेला एक मोटारसायकलवाला बसला. प्याला. तोंड पुसलं. मग रिकामा ग्लास पुढं केला. माझा जीव भांड्यात पडला. बाटली उचलली, तर म्हणाला, काका, हा जरा धुवून आंबील द्या.

संध्याकाळ
सगळे गेले. सिंधु भांडी आवरून शेजारी येऊन बसली. वाटलं, आता ऐकवणार. तिनं माझ्यासमोर वाइनचा ग्लास भरून ठेवला. म्हणाली, जाऊ द्या ते तिघं. तुम्ही एकट्यानं जरी दुसरा मागितला तरी ठेवते बाग.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. माळावर ऊन उतरलं होतं, वेली तशाही छान दिसत होत्या. ग्लास तोंडाला लावला. डोळ्यांत पाणी आलं, दाढा आंबल्या, पण संपवला. ती बघत होती. बाटली हाताशीच होती.
बूच लावलं. मग विचारलं, मडक्यात आंबील उरलीय का.