लेझमीच्या लयीतला टँगो

प्रिय अण्णा,

पत्र लिहायची सवय ना तुम्हाला होती, ना मला. तरी लिहायला बसले, कारण काल इरफानने एक प्रश्न विचारला आणि त्यावर भांडायला तुम्ही नाही.

रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. संध्याकाळी आपल्या सोलापुरातच, सात रस्त्याजवळच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. तुमच्या भजनी मंडळाने ठरवला. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. आधी अभंग, आणि शेवटी मी व्हायोलिनवर ‘अण्णांचा तो नाचाचा पीस’ वाजवायचा. तुमचा कधीपासून झाला हो तो? पुण्यात माझ्या सरांनी तो माझ्यासाठी लिहिला होता! टँगो या परदेशी नाचाच्या धर्तीवरची रचना, स्केल डी मायनर, लय सावकाश. कीबोर्डवर साथीला इरफान. तालमीला बसताना त्याने विचारलं, "दीदी, लय कौनसी रखना? तुमारी की अण्णा की?"

म्हटलं, आधी माझ्या लयीत वाजवून तर बघू.

तुम्हाला तो पहिल्यांदा ऐकवला तेव्हा तुम्ही सुताच्या दुकानातून नुकतेच घरी आला होता. चार ओळी ऐकल्यात आणि म्हणालात, "अगं, हा किरवाणी हाय की! पांढरी दोनचा किरवाणी." स्वर बघितले तर चूक नव्हतं; पेटीची दुसरी पांढरी पट्टी म्हणजे डी, आणि किरवाणी रागाचे स्वर मायनरचेच. पण लगेच मांडी घालून बसलात, तुमचं व्हायोलिन घोट्यावर टेकवलंत आणि तंबोऱ्याचं मशीन सुरू केलंत. टँगोखाली तंबोरा! खालचे सूर सारखे बदलत जातात अण्णा, तिथे एकच सा धरून कसं चालेल? हे मी कितीदा सांगितलं? तुम्ही मशीनचा आवाज थोडा कमी केलात. बंद नाही केलंत.

आणि लय! हा नाच आहे असं मी बोलून गेले, तिथेच सगळं फसलं. तुमच्या लेखी नाच म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीतली लेझीम. तरुणपणी मंडळाच्या पथकात पहिल्या रांगेत होतात, ते अंगातून कधी गेलंच नाही. तुम्ही डोळे मिटून पायाने ठेका धरायचात आणि बिचारा टँगो तुमच्यामागे धावत सुटायचा. "नाच हाय म्हणतीस, मग पाय उचलू दे की त्याला!" यात पाय उचलायचा नसतो, जमिनीवरून सरकत न्यायचा असतो, हे मी समजावत राहिले. तुम्ही मान डोलावलीत आणि पुन्हा लेझीम सुरू.

गंमत म्हणजे भाव तुम्हाला बरोबर कळला होता. "दुःखी हाय, पण रडकं न्हाय. मान ताठ हाय त्याची." याहून चांगलं मलाही सांगता आलं नसतं. मग एवढी घाई कशाची होती तुम्हाला?

पुण्याच्या कार्यक्रमात तर कमालच केलीत. पहिल्या रांगेत बसून मांडीवर थाप धरलीत. शेजारचे वळून बघायला लागले तरी तुमचं लक्ष नाही. माझा गज तुमच्या थापेमागे पळाला, आणि सावकाश म्हणून लिहिलेली रचना मी वरातीसारखी संपवली. परतीच्या एसटीत मी तुमच्याशी बोलत नव्हते. टेंभुर्णीला तुम्ही गरम भजी आणून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "पुढं पळालीस ते बरं झालं. न्हायतर लोक झोपले असते की!" हसायलाही येत होतं आणि रागही जात नव्हता. भजी मात्र खाल्ली.

आपलं शेवटपर्यंत जमलं नाही ते रचनेतल्या मधल्या थांब्यावर. तिथे सगळी वाद्यं एकदम गप्प होतात, आणि ऐकणाऱ्याने श्वास धरावा इतका वेळ गप्प राहतात. तुम्हाला ती शांतता सोसायचीच नाही. दर वेळी तिथे तुम्ही एक छोटीशी मुरकी घालायचात. मी चिडले की म्हणायचात, "मोकळं सोडलंस तर लोकांना वाटंल, पोरगी विसरली." सरांनी मुद्दाम थांबवलंय, अण्णा! "तुझ्या सरांना सोलापूरचे लोक म्हायती न्हाईत."

तर काल. माझी लय, माझा डी मायनर, तंबोरा नाही. इरफान छान सांभाळून घेत होता. थांबा आला, आम्ही दोघंही थांबलो. आणि स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेल्या आईच्या तोंडून तुमची मुरकी आली! स्वराला स्वर लावून, अगदी तुमची. आईला कुणी गाणं शिकवलं होतं का हो? मग दारात येऊन मला म्हणते, "का थांबलात? ह्यांचं राहिलं की."

इरफानने कीबोर्डवरून हात काढून घेतले. मी वर्षभर कोरडीच होते, अण्णा. तेराव्यालाही पाहुण्यांची जेवणं, चहापाणी बघत होते. काल त्या एका वाक्यावर मात्र तुमची फार आठवण आली, इतकी की गज पेटीत ठेवून दिला.

रात्री आईला विचारलं, रविवारी ती मुरकी मी वाजवू का? आई म्हणाली, "नगं. तुला न्हाय यायची तशी." आईच ती, तोंडावर सांगायची!

इरफानला आज उत्तर दिलं. लय माझी. सावकाश, मान ताठ ठेवून, उभं राहून. तंबोरा नाही. मंडळाच्या कुणी मांडीवर थाप धरली तरी या खेपेला माझा गज पळणार नाही. आई पहिल्या रांगेत, तुम्ही बसला असता त्या खुर्चीशेजारी बसेल.

आणि तुम्हाला एक शब्द देते. थांबा आला की मी तुमच्या मुरकीएवढं थांबेन, आणि तिथे काहीही वाजवणार नाही. आईला ती ऐकू येईल, मलाही येईल. बाकीच्यांना वाटू दे, पोरगी विसरली.

तुमची,
वैजू