फाटक कोणी लावलं?

१३ मे, संध्याकाळ
यॉर्कशायरच्या डोंगरातली आमच्या वॉकिंग क्लबची सहा दिवसांची पायी भटकंती निम्मी झाली. लीडर ह्यूबर्ट गुडघ्यांमुळे घरी परतला, म्हणून उद्या संध्याकाळी नवा लीडर निवडायचा. उरलेल्यांची मतं आठ, उमेदवार दोन. एक मी. दुसरी बेरिल, वय एकाहत्तर, रिटायर्ड बस ड्रायव्हर. तेहतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसासमोर बस ड्रायव्हर! तोवर उद्याचा दिवस लीड मीच करणार. मतदान नावापुरतंच. भाषण लिहून ठेवलं.

१४ मे, स. ८.५०
निघालो. तेरा मैल. वीस मिनिटं उशीर. माझ्यामुळे, पण मी नकाशा पाहत होतो.

स. १०.१५
चढ. ही माणसं उगाच पळतात. लीडरने मागून लक्ष ठेवायचं असतं, हे या अडाण्यांना कोण सांगणार? सांगायला गेलो तर बायको म्हणाली, "गॉडफ्री, आधी श्वास घे, मग सांग." मोइराला शिस्त नाही.

स. ११.४०
कुरणाचं फाटक सताड उघडं, वर दोरीने बांधलेलं! शेतकऱ्यांचा गलथानपणा. दोरी सोडली, फाटक लावलं, कडी घातली. बेरिल म्हणाली, "अरे बाबा, फाटक जसं दिसलं तसंच सोडायचं. बांधलंय म्हणजे कुणीतरी मुद्दाम बांधलंय." बसचं दार आणि कुरणाचं फाटक यांतला फरक तिला दहा मिनिटं समजावला. सगळे पुढे चालू लागले. पटलं असावं.

दु. १.०५
चीज-लोणच्याचं सँडविच. टाचेला फोड. बूट महागाचे आहेत, तेव्हा दोष टाचेचा.

दु. १.३०
थॅकरी नावाचा शेतकरी चारचाकी मोटारसायकलवरून आला. लालबुंद. "माझं फाटक कुठल्या दीडशहाण्याने लावलं? मेंढ्या एकीकडे, पिल्लं एकीकडे, नुसती बोंबाबोंब चाललीय!" सात बोटं माझ्याकडे वळली. त्यात एक मोइराचं.
म्हणाला, "जा, उघडून ये." अडीच मैल, सगळा चढ. मागे बसू का, विचारलं. म्हणाला, "तिथं कुत्रं बसतं."

दु. ३.२५
फाटक उघडलं. मेंढ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दोरी नीट बांधली जाईना. दोरीच निकृष्ट.

सायं. ७.५०
गेस्ट हाऊस. बाकीचे केव्हाच पोहोचून, अंघोळी करून बसलेले. मतदानासाठी थांबले होते, एवढी तरी लाज! बेरिलला सात मतं. मला एक, अक्षर माझंच. भाषण खिशातच राहिलं. मोइरा म्हणाली, "ऐकलं असतं रे, पण जेवण गार होतंय." फार वाईट वाटलं. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र फोडामुळे.
बेरिल म्हणाली, "गॉडफ्री, तुला एक काम देते. सगळ्यांच्या शेवटी चालायचं, मागे कुणी राहत नाही ना ते बघायचं. फाटकं मी बघेन." अखेर माझी योग्यता तिच्या ध्यानात आली. पद स्वीकारलं. जबाबदारीचं आहे.

१५ मे, स. ९.२०
मागे वळून पाहिलं. कुणी नाही. काम चोख.

स. ९.३५
पुढे पाहिलं. तिथेही कुणी नाही.