उतरत्या छतावरचे ठिय्ये

प्रिय दादा,

तुला जाऊन बावीस दिवस झाले आणि एवढ्या दिवसांत मी धड रडलेसुद्धा नाही, कारण मला तुझा राग आलाय. आज सकाळी तो इतका अनावर झाला की मापांची वही उलटी करून मागच्या पानावर तुला लिहायला बसले.

झालं असं, की आज माळ्याचं उरलेलं प्लास्टर करायला गडब गावचा गवंडी आला. हो, बाहेरचा गवंडी! "बाहेरचा मानूस लावशील तर मी रोह्यात पाऊल नाय टाकनार गो," असं दटावलं होतंस ना? आता टाक पाऊल. ये आणि भांड माझ्याशी.

माळा कशासाठी होता, आठवतं? बारा वर्षं मी शेगडीशेजारी मशीन ठेवून शिवत होते. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजवर फोडणीचा डाग पडला, ती चार बायकांत मला नको नको ते बोलली, आणि नेमका तू दारात उभा होतास. तू वर माळ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "चिमे, वर तुझी खोली करू. स्लॅब उतरता हाय, पन मधी उभी राहून कापड बेतशील एवढी उंची हाय." माझ्यासाठी खोली करावी असं आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं रे!

आठवडाभर डोलवीला कंपनीत कंत्राटी कामाच्या शिफ्टा, आणि रविवारी पेणहून पहिल्या एसटीने माझ्याकडे. भिंती दोन रविवारांत झाल्या. छताने मात्र तुझा जीव काढला. कडेला गुडघ्यावर बसून, मध्ये मान मागे टाकून, हात सतत वर. मध्येच थांबून छाती चोळायचास. "काय होतंय?" विचारलं की म्हणायचास, "गॅस हाय. च्या दे." आणि मी मूर्ख, आलं जास्त घालून आणत होते!

डॉक्टरांनी हात खांद्याच्या वर न्यायला मनाई केली होती, हे मला कधी कळलं? तुझ्या दहाव्याला! वहिनी रडत म्हणाली, "मला पोरांची शपथ घातली व्हती गो त्यांनी." अशी शपथ घालायला लाज नाही वाटली? हात वर न करता छताचं प्लास्टर कसं करतात, तेवढं तरी सांगून जायचंस.

शेवटच्या रविवारी अर्धं छत झालं. "सात दिवस पानी मार, दिवसातून तीनदा. बाकीचं पुढच्या रविवारी," म्हणालास. मी सोमवार, मंगळवार, बुधवार पाणी मारलं. बुधवारी संध्याकाळी फोन आला. मग आम्ही सगळे पेणला, इथे घराला कुलूप. तेराव्यानंतर परत आले तर त्या अर्ध्या छतभर भेगा. हा राग माझा माझ्यावर आहे, तो तुझ्या माथी मारत नाही.

आज गवंड्याने थापीच्या दांड्याने ठोकून बघितलं. "ताई, पोकल वाजतंय. ह्ये उतरवायला लागेल."

मी त्याच्या अंगावर धावलेच. "माझ्या भावाच्या हातचं आहे ते. हात लावायचा नाही!"

तो बिचारा जिन्याकडे निघाला आणि उरलेल्या उघड्या छताकडे बघून थांबला. "ह्ये ठिय्ये कोनी मारले?"

थर सगळीकडे सारखा यावा म्हणून आधी मारून ठेवतात ते मालाचे चपटे गोळे, एवढं तुझ्यामुळे मलाही कळतं. म्हटलं, "दादानेच. का?"

"आमी आज जेवढं करायचं तेवढ्यालाच मारतो. ह्यांनी तर पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत मारलेत. कोनी नवा मानूस आला तरी त्याचं काम चुकनार नाय."

दादा, तुला माहीत होतं! पुढचा रविवार कदाचित येणार नाही, हे तू छताला सांगितलंस, त्या परक्या माणसाला सांगितलंस, आणि मला? मला चहा करायला लावलंस! एक शब्द बोलला असतास तर मी तुझी थापी खाडीत फेकून दिली असती आणि जन्मभर शेगडीशेजारी शिवलं असतं. म्हणूनच बोलला नाहीस, हेही समजतं मला. त्याचीच जास्त चीड येते.

बाहेरचा गवंडी नको म्हणे! आणि स्वतःच त्याच्यासाठी सगळं मांडून गेलास.

दुसऱ्याच्या हातचं पोकळ प्लास्टर तू कधी ठेवलं नसतंस. माझं न्हाणीघर कसं एका दुपारीत सोलून काढलं होतंस! म्हणून गवंड्याला पुन्हा बोलावलंय. उद्या तो तुझं भेगाळलेलं प्लास्टर उतरवून नव्याने करेल, आणि उरलेलं तुझ्याच ठिय्यांवर भरेल. मी समोर उभी राहीन, रडणार नाही.

आणि तुला शब्द देते. या वेळी सात दिवस, दिवसातून तीनदा, पाणी मीच मारीन. काहीही झालं तरी घराला कुलूप लागणार नाही. माझे हात खांद्याच्या वर जातात, दादा. मला कुणी मनाई केलेली नाही.

तुझ्यावर अजून रागावलेली,
चिमी