खोडलेला डोळा

पेण, मंगळवार, संध्याकाळ

दहावीतल्या वैष्णवीने मानवी नेत्राची निर्दोष आकृती काढली आणि उत्तरपत्रिका देण्यापूर्वी खोडून टाकली. कागदावर वण तेवढा उरला. मी, विज्ञानाचार्य, शून्य गुण दिले. हीच कन्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे एका दमात आखते!

"का गो खोडलंस?"

"चुकलं असतं तर पुन्हा वर्गाला हसवलं असतंत, सर. मला विज्ञान नाय जमायचं. पुढं नाय घेणार."

पुन्हा? आठवले. जूनमध्ये तिच्या एका चुकीवर मी "या आमच्या विदुषी!" म्हणालो होतो. वर्ग खदखदून हसला, मी कृतार्थ. एका विनोदाने तो हात बधिर केला. आता पूर्ववत कसा करू?

उद्या वर्गासमक्ष क्षमायाचना. ते वाक्य तीनदा लिहिले, तीनदा खोडले. वर्ग हसला तर?