तळ्यापर्यंत

शुक्रवार, ९ मे
मेहुणीकडून बातमी काढली. रविवारी बायकोचा ट्रेकिंग ग्रुप डोंगरावरच्या तळ्याला जाणार, तिथून शिखरावर. मीही जाणार. योगायोगानं भेट झाली असं दाखवायचं. बायको याच बहिणीकडे राहायला जाऊन अकरा महिने झाले. इतकी विश्रांती पुरे. कारण तरी काय, तर तिच्या आईच्या शेवटच्या आजारपणात मी एक दिवसही दुकान बंद केलं नाही. बावीस वर्षांच्या संसारात तिची नस न् नस ओळखून आहे. शिखरावर गार वारा लागला की विरघळेल. तिथंच ‘घरी चल’ म्हणायचं. माफी वगैरे नाही. फार तर ‘झालं गेलं विसरून जाऊ’.

शनिवार, १० मे
व्यायाम म्हणून दुकानाचा जिना दहा वेळा चढायचं ठरवलं. दोनदा चढलो. मग गिऱ्हाईक आलं. (आलं नाही, पण येण्याची शक्यता होती.) चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभाच असतो, म्हणजे पाय तयारच आहेत. नवे बूट घेतले. एक नंबर लहान आहेत. चालून सैल होतील.

रविवार, ११ मे, सकाळी ७.१०
पायथा. हवा उत्तम. अकराला शिखर.

८.३०
ऊन. टाच चावतेय. दोन आजीबाई गप्पा मारत पुढे गेल्या. मुद्दाम जाऊ दिलं.

१०.५०
तळं आलं. शिखर इथून अगदी जवळ वाटतंय, म्हणजे घाई नाही. बसलो.

दुपारी १२.१५
भेटली! मी दगडावर बसून बूट ओढत होतो. ‘अरेच्चा, तू इथं?’ हे पाठ केलं होतं; तोंडून ‘आई गं’ निघालं. ती हसली. पाय दाखवा म्हणाली. फोड धुतला, पट्टी लावली, संत्रं सोलून दिलं. बीपीची गोळी वेळेवर घेता ना, विचारलं. मी हळूच म्हटलं, अजून रागावली आहेस? म्हणाली, छे हो, राग केव्हाच गेला. तेवढ्यात शिट्टी झाली आणि ती ग्रुपबरोबर वर निघाली. ‘घरी चल’ राहिलंच. उतरताना म्हणेन. पण राग गेला! अर्धं काम झालं.

२.४०
शिखरावर माणसं हात हलवतायत. मीही हलवला. तिची टोपी कुठल्या रंगाची होती? इतका वेळ समोर होती, पाहिलीच नाही.

४.३०
ग्रुप पलीकडच्या वाटेनं कधीच उतरला म्हणे. तळ्याच्या राखणदारानं सांगितलं.

सोमवार, १२ मे
पाय सुजलाय. मेहुणीला फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, राग गेला म्हणजे आता येईलच ना? ती म्हणाली, भाऊजी, पहिले दोन महिने गेट वाजलं की ताई खिडकीशी जायची. तेव्हा तिला राग होता. तेव्हा यायचं होतंत.

तेव्हा मी इथंच होतो. ती फोन करून माफी मागेल म्हणून.