चौकटीत न मावलेलं ‘नाही’

प्रिय ताई,

आधी एवढं वाच, आई बरी आहे. तिचा फोन बंद लागतोय म्हणून तू मला फोन करत होतीस आणि मी वाजणाऱ्या फोनकडे नुसता बघत बसत होतो. ‘आई ठीक आहे, पत्र पाठवतोय’ एवढं कळवून मी गप्प बसलो, तेव्हा तू मला काय काय म्हणाली असशील ते इथे बसून ऐकू येतंय. म्हण. फोनवर तू नुसतं ‘बोल रे’ म्हणाली असतीस तरी माझी दातखीळ बसली असती.

माझं काम काय असं कोणी विचारलं की तू ‘कॉम्प्युटरमध्ये काहीतरी’ म्हणतेस. ते काहीतरी आज नीट सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. फोनच्या पडद्यावर ज्या चौकटी दिसतात, त्यांत मजकूर कसा बसवायचा ते मी ठरवतो. ओळ कुठे मोडायची, किती ओळी दाखवायच्या, मजकूर जास्त झाला तर त्याचं काय करायचं. आईच्या फोनवर मी जे ॲप घालून दिलं होतं, तेही आमचंच. वयस्कर माणसांसाठी केलेलं. दवाखान्याचे निरोप, औषधांच्या सूचना, घरच्यांचे मेसेज, सगळं एकाच पडद्यावर, एकाखाली एक चौकटीत. प्रत्येक चौकट दोन ओळींची. उरलेला मजकूर चौकटीवर बोट ठेवलं की उघडायचा. पडदा कसा नीटनेटका दिसतो म्हणून साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली होती. आधी उरलेल्या मजकुराच्या जागी तीन टिंबं यायची. साहेब म्हणाले, ही टिंबं फार अर्धवट वाटतात. मी काढून टाकली. खालची ओळ अर्धी कापली जाऊन नुसते मात्रा-रफार डोकावायचे, तेही मला घाण वाटलं, म्हणून मी ओळ पूर्ण झाल्यावरच काप घेतला. त्यामुळे काही कापलंय अशी शंकासुद्धा यायची नाही. इतकं सफाईदार काम केलं मी.

आमच्याकडे चाचणीचं काम करणारी एक मुलगी आहे. ती कोणाचीही गय करत नाही म्हणून आम्ही तिला फौजदार म्हणतो. तिने तक्रार नोंदवली होती की अक्षरं सगळ्यात मोठी केली तर दोन ओळींत काहीच मावत नाही, चौकट वाढली पाहिजे. मी हसून म्हटलं होतं, एवढी मोठी अक्षरं ठेवतं कोण? आणि तक्रार निकालात काढली. ताई, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईच्या फोनवर अक्षरं सगळ्यात मोठी कोणी केली होती? मीच. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो होतो, आणि ‘बघ आता कसं स्वच्छ दिसतंय’ असंही म्हटलं होतं.

आता तुला आठवेल तो मंगळवार. आई डोळे दाखवायला गेली आणि तिथे डॉक्टरच नव्हते. ‘येणार नाहीत असं कळवलं होतं’ म्हणून काउंटरवरच्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर ऐकवलं. आई हटून बसली की येणार असंच लिहिलं होतं. त्यानंतर तो शनिवार. मी जेवायला येणार नाही असं कळवलं होतं, आणि ती माझ्या आवडीचं सगळं करून ताटं मांडून बसली होती. संध्याकाळी मी तिला माझा फोन काढून दाखवला, ‘हे बघ, येणार नाही असं लिहिलंय की नाही?’ तिने वाचलं, पुन्हा वाचलं आणि भांडी आवरायला उठली. मग तो गोळीचा प्रकार. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी ॲपवरच कळवलं होतं की रक्तदाबाची जुनी गोळी आजपासून घ्यायची नाही, नवी घ्यायची. नवी घरपोच आली, तिने दोन्ही घेतल्या आणि चक्कर येऊन न्हाणीघरात पडली. आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काम केलेली बाई. तिच्या हाताखालून एक चिमटा इकडचा तिकडे झाला नाही. ती औषधात चुकते म्हणजे तिचं डोकं चालत नाही, असा सरळ हिशेब मी केला.

स्मृतीच्या डॉक्टरांकडे मीच नेलं तिला. शंभरापासून सात-सात वजा करायला सांगितलं, तर ती दुसऱ्याच आकड्याला अडखळली. मी शेजारी बसून ‘आई, घाई करू नकोस, नीट विचार करून सांग’ असं तिच्या कानाशी चालवलं होतं. एखाद्याच्या खांद्यावर वाकून उभं राहिलं तर त्याची सहीसुद्धा बिघडते. डॉक्टर म्हणाले, सुरुवात असू शकते. ‘असू शकते’ म्हणाले. मी ‘आहे’ ऐकलं. पंधरवड्यात तिचं घर रिकामं केलं, भाडेकरू आणला आणि तिला आमच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. तू म्हणालीस, अरे, ती माझ्याशी रोज बोलते, सगळं जिथल्या तिथे बोलते, एवढी घाई नको. त्यावर मी म्हटलं, तू दोन दिवसांची पाहुणी, लांबून प्रेम करणं सोपं असतं. त्यानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मला तेही सोयीचंच वाटलं.

इथे आल्यावर आई कशी झाली होती हे तुला फोनवर कळलं नसेल, कारण तुझ्याशी ती उसनं अवसान आणून बोलायची. तुझ्या भावजयीला ती विचारायची, ‘मी चहा ठेवू का? चालेल ना?’ गॅस बंद केल्यावर बटणाकडे बघत उभी राहायची. कोणी काही म्हटलं की लगेच ‘माझंच चुकलं असेल’. मुद्देसूद भांडणारी आपली आई, ताई. तिने भांडणं सोडलं आणि मी तुझ्या भावजयीला म्हटलं, बघ, इथे आल्यापासून किती शांत झाली.

मग एके दिवशी ऑफिसात काम लांबलं. संध्याकाळी लवकर येणार नाही, जेवून घे, असं मी आईला कळवलं होतं. तुझी भावजय माहेरी गेली होती. घरी आलो तर आई दिवा लावून, दोन पानं मांडून बसलेली. मी वैतागलो. कळवलं होतं ना, म्हटलं. ती म्हणाली, ‘कळवलं असशील. माझंच चुकलं असेल.’ तिला दाखवायला म्हणून मी फोन काढला, तर त्याची बॅटरी संपलेली. म्हणून टेबलावरचा तिचा फोन उचलला.

‘आई, संध्याकाळी मी लवकर येणार’. दोन ओळी. ठसठशीत. खाली मोकळी जागा, माझ्या आवडीची, स्वच्छ. आधी वाटलं मीच चुकीचं लिहिलं. मग चौकटीवर बोट ठेवलं आणि ‘नाही’ खाली उतरून आलं. माझ्या फोनवर अक्षरं बारीक, तिथे सगळं दोन ओळींत मावायचं. मी मागचे निरोप एकेक उघडत गेलो. डॉक्टर येणार. नाहीत. जेवायला येणार. नाही. गोळी घ्यायची. नाही. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे मला पहिलीपासून माहीत आहे आणि त्याच शेवटावर मी रोज पगार घेऊन कात्री चालवत होतो. माझ्याकडे बघून आईने उठून मला पाणी दिलं.

तिथेच, जेवणाआधी, सगळं सांगितलं.  मी थांबल्यावर तिने विचारलं, ‘म्हणजे मी वाचत होते ते बरोबर होतं?’ मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. मी चौकटीचं, टिंबांचं, साहेबांचं सांगायला लागलो तर हाताने मला थांबवून ती म्हणाली, ‘चौकटीचं राहू दे. तू दर वेळी मला तुझा फोन दाखवलास. माझ्या हातातला एकदा बघितला असतास तर?’

ताई, ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने ताट पुढे ओढलं आणि जेवली, बऱ्याच दिवसांनी पोटभर. 

दुसऱ्या दिवशी फौजदाराच्या टेबलापाशी जाऊन तिची जुनी तक्रार मी स्वतः पुन्हा उघडली. तिने खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. आता मजकुराप्रमाणे चौकट वाढते. साहेबांना पडदा ओबडधोबड वाटतो, वाटू दे. पण अशा किती घरांत ताटं मांडली गेली असतील, कितीजणांनी आपल्याच आईला ‘तुला काही लक्षात राहत नाही’ असं सुनावलं असेल, हे मला कळायला मार्ग नाही. स्मृतीच्या डॉक्टरांनाही जाऊन सांगितलं. त्यांनी तिला पुन्हा तपासलं, या वेळी मला बाहेर बसवून. बाहेर आल्यावर आई म्हणाली, ‘सात-सात वजा करत पार दोनपर्यंत आले.’ बस, एवढंच. पण सांगताना तिची मान ताठ होती, आणि ती इतके दिवस ताठ नव्हती हे मला तेव्हा कळलं.

हे पत्र मी आपणहून लिहिलं असं समजू नकोस, तेवढी माझी छाती नाही. आईने फोन बंद करून कपाटात टाकलाय, त्या यंत्राचं तोंड बघायचं नाही म्हणते. म्हणून तिचा निरोप मी पोचवतोय. भाडेकरूशी बोललोय, तो महिनाअखेरीस घर सोडतो. आईला तिच्या घरी परत जायचंय. मी म्हटलं, मी नेतो, सामान मीच आणलं होतं, मीच लावून देतो. ती म्हणाली, ‘सामान तू लाव. पण मला न्यायला ताईला बोलाव. तू नेलंस तर मला वाटेल, या वेळीही तूच ठरवलंस.’ म्हणून ताई, ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. किल्ली मी आईच्या हातात देऊन ठेवलीय. सामान लावून झालं की मी खाली रस्त्यावर थांबेन. तुम्ही दोघी वर जा.

तुझाच, तोंड लपवून बसलेला,
धाकटा